नवरा कुवेतला, बायको चिपळूणला : रिटर्न कुणी भरायचे?

आपल्या मोहल्ल्यांत लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलाचा पगार किती दिनार, व्हिसा कोणता, कंपनी राहायला जागा देते का, वर्षाला सुट्टी किती मिळते, याची बारकाईने चौकशी होते. मुलीकडचे मामा-चाचा तर कंपनीचे नाव घेऊन कुवेतमधल्या ओळखीच्यांना फोनही लावतात. मुलीचे पॅन कार्ड आहे का, नवऱ्याने तिच्या नावावर ठेवलेल्या पैशांचा हिशोब सरकारला कोण देणार, दुबईच्या जॉइंट खात्यात तिचे नाव घातले तर तिच्यावर इथे कोणती जबाबदारी येते, हे मात्र कुणी विचारत नाही. निकाह होतो, महिना-दीड महिन्यात मुलगा परत जातो, आणि मुलगी दोन देशांत विभागलेल्या एका संसाराची इकडची बाजू सांभाळू लागते. त्या बाजूत बँक, घरपट्टी, वीजबिल, मुलांची फी, सासऱ्यांचे औषधपाणी सगळे येते. आयकर तेवढा येत नाही, कारण "टॅक्स हे पुरुषांचे काम".

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, सीए नाही. पण घरात कॉम्प्युटरवाला म्हणून दरवर्षी जुलै महिन्यात नात्यातले फोन माझ्याकडेच येतात. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, मुंब्रा इथून आलेल्या या फोनांनी मला आयकर कायदा वाचायला लावला. प्रश्न बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने विचारला जातो, आणि विचारणारी असते बायको. म्हणून हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे, आणि ज्या तरुणाचे लग्न व्हायचे आहे त्याच्यासाठीही. माझे म्हणणे थोडक्यात असे : नवरा परदेशात असला तरी बायकोने करदाती म्हणून स्वतः उभे राहिले पाहिजे. घराला वाचवणारी गोष्ट तर ती आहेच, शिवाय तिच्या हक्काचीही आहे.

कायदा दोघांना वेगळे मोजतो

सुरुवात एका मोठ्या गैरसमजापासून करू. भारतात नवरा-बायकोचे एकत्र रिटर्न नसते. प्रत्येकाचे पॅन वेगळे, उत्पन्न वेगळे, रिटर्न वेगळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाची निवासी स्थितीही वेगळी. नवरा 'एनआरआय' म्हणून बायको आपोआप एनआरआय होत नाही. ज्या आर्थिक वर्षात ती १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिली, त्या वर्षी ती निवासी. त्याच वर्षी तो अनिवासी असू शकतो. लग्नाचा, नागरिकत्वाचा आणि पासपोर्टच्या रंगाचा इथे संबंध नाही, संबंध आहे दिवसांचा. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवावेत आणि वर्षाअखेरीस मोजावेत.

नोकरीसाठी देशाबाहेर गेलेल्या किंवा बाहेरून सुट्टीवर येणाऱ्या भारतीय नागरिकासाठी साधारण नियम १८२ दिवसांचाच आहे. मात्र त्याचे भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर सुट्टीवर येणाऱ्याला १२० दिवसांची मर्यादा लागू शकते. २०२० साली आणखी एक नियम आला : भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला आणि इतर कुठल्याही देशात कर द्यावा न लागणारा भारतीय नागरिक 'मानीव निवासी' धरला जाईल. त्या वेळी आखातात मोठी घबराट पसरली होती. सरकारने लगेच खुलासा केला की आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांचा तिथला पगार भारतात करपात्र होणार नाही. सामान्य पगारदाराने घाबरण्याचे कारण नाही. इथे मोठी भाड्याची मिळकत किंवा धंदा असलेल्याने मात्र हा नियम समजून घ्यावा.

तर कुवेतमध्ये मिळालेल्या पगारावर कुवेतमध्ये वैयक्तिक आयकर नाही, आणि नवरा अनिवासी असल्यामुळे त्या पगारावर भारतातही कर नाही. तो पगारातून बायकोला जे पैसे पाठवतो, तेही तिचे उत्पन्न नव्हे. नवऱ्याकडून बायकोला मिळालेली रक्कम कितीही असली तरी ती नातेवाइकाकडून मिळालेली भेट म्हणून करमुक्त आहे. इथपर्यंत सगळे सोपे आहे. गुंता पुढे सुरू होतो.

तिच्या नावावरची एफडी, त्याचे उत्पन्न

समजा, चिपळूणच्या एका घरात नवरा पंधरा वर्षे कुवेतला आहे. घरखर्च भागवून उरलेले पैसे त्याने बायकोच्या नावावर ठेवीत टाकले, आणि ही ठेव आज ६० लाखांची आहे. ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ४,२०,००० रुपये. बँकेच्या कागदावर ठेव तिची, व्याज तिचे, टीडीएस तिच्या पॅनवर. घरातल्या सगळ्यांचा समजही तोच.

आयकर कायद्याचे कलम ६४ मात्र वेगळे सांगते. नवऱ्याने बायकोला, किंवा बायकोने नवऱ्याला, पुरेसा मोबदला न घेता एखादी मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेतून येणारे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. सीए याला 'क्लबिंग' म्हणतात. भेट करमुक्त, पण भेटीतून उगवलेले व्याज किंवा भाडे देणाऱ्याचे. म्हणजे चिपळूणच्या ठेवीचे ४,२०,००० रुपये कुवेतच्या नवऱ्याच्या भारतीय उत्पन्नात येतात.

आता त्या नवऱ्याचा चिपळूणमध्ये एक फ्लॅट आहे आणि त्याचे भाडे महिना १५,००० येते असे धरू. वर्षाचे १,८०,०००, त्यातून ३० टक्के वजावट जाऊन १,२६,००० उरले. व्याज आणि भाडे मिळून ५,४६,००० झाले. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या टप्प्यावर ५ टक्के. म्हणजे १,४६,००० वर ७,३०० रुपये, अधिक ४ टक्के उपकर, एकूण ७,५९२ रुपये. "पण बारा लाखांपर्यंत कर नाही ना?" हा प्रश्न मला दर जुलैत ऐकू येतो. १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो एका सवलतीमुळे, आणि ती सवलत फक्त निवासी व्यक्तीला मिळते. अनिवासी नवऱ्याला मिळत नाही. हेच उत्पन्न बायकोचे स्वतःचे असते, तर कर शून्य होता.

आणखी एक बाब. हेच ६० लाख नवऱ्याने स्वतःच्या एनआरई खात्यात ठेवले असते, तर परदेशात राहत असेपर्यंत त्या ठेवीचे व्याज भारतात पूर्ण करमुक्त होते. बायकोच्या नावावर ठेवून कर वाचला असे घरच्यांना वाटत होते. प्रत्यक्षात करमुक्त व्याज करपात्र झाले. ७,५९२ रुपयांनी कुणाचे घर बुडत नाही. पण हे व्याज वर्षानुवर्षे चुकीच्या नावावर दाखवले गेले, किंवा कुठेच दाखवले गेले नाही, की पुढे त्यावर व्याज, दंड आणि नोटिशीचे उत्तर असा खर्च वाढत जातो.

मग बायकोच्या नावावर काहीच ठेवू नये का? तसे मी म्हणणार नाही. तिच्या हाताशी पैसा असणे ही तिची सुरक्षितता आहे, आणि ती ७,५९२ रुपयांपेक्षा मोठी गोष्ट आहे. फक्त ठेवताना कायदा काय धरतो हे दोघांना माहीत असावे. व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात जाणार असेल तर तसे बँकेला लेखी कळवता येते, म्हणजे टीडीएस त्याच्या नावावर जमा होतो. आणि व्याजाचे पैसे पुन्हा गुंतवले, तर त्या व्याजावरचे व्याज मात्र तिचे स्वतःचे उत्पन्न धरले जाते. म्हणून मूळ ठेव एका खात्यात आणि तिच्यातून आलेले व्याज दुसऱ्या खात्यात ठेवावे. दहा वर्षांनी कुठला रुपया कुणाचा हे सांगणे सोपे जाते.

व्याजाबद्दल आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. अनेक घरांत बँकेचे व्याज वापरत नाहीत, काढून गरजूंना देऊन टाकतात. ही ज्याच्या त्याच्या श्रद्धेची बाब आहे. पण खात्यात व्याज जमा झाले की आयकराच्या दृष्टीने ते उत्पन्न झाले, पुढे तुम्ही ते कुणालाही द्या. "आम्ही व्याज घेतच नाही" हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

१९३७ ची दोन पाने

क्लबिंगची ही तरतूद आजची नाही. १९२२ च्या आयकर कायद्यात ती १९३७ साली घातली गेली. श्रीमंत लोक आपले उत्पन्न बायका-मुलांच्या नावावर वाटून कर कमी करत, म्हणून. योगायोग असा की १९३७ हेच शरीयत ॲक्टचे वर्ष. त्या कायद्याने वारसा, मेहर, भेट अशा बाबतींत रूढीऐवजी मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू केला, आणि रूढीने नाकारलेला मालमत्तेचा हक्क मुस्लिम स्त्रीला कागदावर तरी परत दिला. एका कायद्याने सांगितले की तिची मालमत्ता तिची. दुसऱ्याने सांगितले की नवऱ्याने दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याचे.

दोन्हींचे हेतू वेगळे होते, हे मान्य. पण आखाती कुटुंबाच्या बाबतीत कर चुकवण्यासाठी उत्पन्न वाटून घेण्याचा तर्क लागू होत नाही. ज्या पगारातून हे पैसे आले, त्यावर कायद्यानेच कर नाही. इथे नवरा कर वाचवण्यासाठी बायकोला पैसे देत नाही, घर चालवण्यासाठी देतो, आणि ती काटकसर करून त्यातले शिल्लक टाकते. अशा बचतीला ठरावीक मर्यादेपर्यंत क्लबिंगमधून सूट मिळावी ही मागणी रास्त आहे. १ एप्रिल २०२६ पासून 'आयकर कायदा, २०२५' लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी झाली. क्लबिंगचे तत्त्व मात्र जसेच्या तसे राहिले. २०२५-२६ या वर्षाचे रिटर्न तर जुन्या कायद्यानेच भरायचे आहे. ही मागणी कोकणातल्या आमदार-खासदारांकडे कुणी नेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपण न्यायला हवी.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? एक गोष्ट आपल्याच घरात आहे, मेहर. मुस्लिम कायद्यात मेहर हे नवऱ्यावरचे देणे आहे, कर्जासारखे. नवरा गेला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते मालमत्तेतून फेडावे लागते. आयकर कायदा 'पुरेशा मोबदल्याशिवाय' दिलेल्या मालमत्तेबद्दल बोलतो. जुने देणे फेडणे आणि भेट देणे यांत फरक आहे. निकाहनाम्यात मेहरची खरी रक्कम लिहिली असेल, आणि ती बँकेतून 'मेहरपोटी' दिल्याची नोंद असेल, तर ही रक्कम नुसती भेट नव्हती असे मांडायला सीएच्या हातात भक्कम कागद राहतो. पण आपल्या अनेक निकाहनाम्यांत मेहर ७८६ रुपये किंवा अशीच नावापुरती लिहिलेली असते, आणि तीही 'माफ' करून घेतली जाते. लाखोंच्या ठेवी आणि फ्लॅट 'प्रेमाने' दिले जातात, आणि जे तिचे कायद्याने देणे होते ते शेकड्यांत उरते. मेहर खरी लिहा आणि खरी द्या, हे आपण धर्म म्हणून आणि हक्क म्हणून सांगत आलो. आता हिशोब म्हणूनही सांगू.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी नोंद. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, आणि तिथल्या मुस्लिम जोडप्यांनाही हाच कायदा लागू आहे. आयकर कायदाही त्याची दखल घेतो. पगार ज्याचा त्याचा, बाकी उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे. म्हणजे सीमेच्या अलीकडे सावंतवाडीत एक हिशोब आणि पलीकडे पेडण्यात दुसरा.

दुबईच्या खात्यातले तिचे नाव

आता उलट्या बाजूचा धोका पाहू. नवऱ्याने प्रेमाने किंवा सोयीसाठी दुबईच्या बँक खात्यात बायकोचे नाव घातले. ती मुलांच्या शाळेसाठी रत्नागिरीला परत आली आणि निवासी झाली. खाते तसेच आहे. तिला भारतात एक रुपयाचे उत्पन्न नाही. तिने रिटर्न भरायचे का?

भरायचे. भारतात निवासी आणि 'सामान्यतः निवासी' असलेल्या व्यक्तीचे परदेशात खाते किंवा मालमत्ता असेल, किंवा परदेशातल्या खात्यावर सहीचा अधिकार असेल, तर उत्पन्न शून्य असले तरी रिटर्न बंधनकारक आहे. त्यात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्या खात्याची माहिती द्यावी लागते. हा तक्ता सोप्या 'सहज' फॉर्ममध्ये नसतो, त्यासाठी आयटीआर-२ लागतो. माहिती न दिल्यास काळा पैसा विरोधी कायदा, २०१५ खाली १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून परदेशातल्या इतर मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. पण रिटर्न भरण्याची जबाबदारी त्याने सुटत नाही. आणि "तिकडची बँक इकडे कशाला सांगेल?" हे दिवस गेले. यूएई, सौदी, कतार, कुवेत हे देश खात्यांची माहिती आपोआप देण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहेत. खात्यावर पत्ता रत्नागिरीचा असेल तर ती माहिती भारतात येते.

हेच अमेरिकेलाही लागू आहे, आणि तिथला गुंता माझ्या क्षेत्रातल्या मुला-मुलींना जवळचा आहे. नवरा एच-वन-बी व्हिसावर टेक्सासला, बायको पुण्यात नोकरीला. अमेरिकेत विवाहित माणूस आपण 'अविवाहित' असल्याचे दाखवून रिटर्न भरू शकत नाही. तो कराच्या दृष्टीने तिथला निवासी आणि बायको अनिवासी असेल, तर साधा रस्ता म्हणजे 'विवाहित, वेगळे रिटर्न'. दुसरा रस्ता म्हणजे बायकोलाही कराच्या दृष्टीने निवासी धरण्याचा पर्याय निवडून एकत्र रिटर्न भरणे. एकत्र भरल्यावर ठोक वजावट दुप्पट मिळते. २०२५ सालासाठी वेगळ्या रिटर्नला १५,७५० डॉलर आणि एकत्र रिटर्नला ३१,५०० डॉलर. नवऱ्याचे मित्र लगेच सांगतात, "एकत्र भर, रिफंड मोठा येईल."

पण त्या निवडीबरोबर बायकोचे जगभरातले उत्पन्न अमेरिकेला दाखवावे लागते. पुण्याचा पगार, इथले व्याज, इथले भाडे, सगळे. भारतात भरलेल्या कराचे श्रेय तिथे मिळते, म्हणून दुहेरी कर बहुतेक टळतो, पण कागदपत्रे दुप्पट होतात. तिला अमेरिकेचा करदाता क्रमांक काढावा लागतो. निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि एकदा मागे घेतली की त्या जोडप्याला पुन्हा करता येत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट : एकत्र रिटर्नवर दोघांच्या सह्या असतात आणि त्या रिटर्नच्या संपूर्ण कराला दोघेही जबाबदार असतात. नवऱ्याने तिथे काही लपवले असेल तर त्याचे उत्तर पुण्याच्या बायकोकडेही मागता येते. म्हणून बहिणींनो, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर "इथे सही कर" म्हटले म्हणून सही करू नका. आधी वाचा, विचारा, मग करा. आणि पुण्याचे रिटर्न पुण्यात भरायचेच आहे, ते त्याने टळत नाही.

"नजरेत येऊ" ही भीती

रिटर्न भरायला सांगितले की घरातले मोठे एक वाक्य हमखास म्हणतात, "कशाला उगाच सरकारच्या नजरेत यायचे?" ही भीती कुठून येते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि मी तिची थट्टा करणार नाही. कागद मागणाऱ्या प्रत्येक खिडकीपुढे आपल्या वडिलधाऱ्यांनी थोडा जास्त वेळ काढला आहे. पण आयकराच्या बाबतीत ही भीती उलटी चालते. एका वर्षात १० लाख किंवा जास्त रकमेच्या ठेवी केल्या, बचत खात्यात १० लाख रोख भरले, मोठ्या रकमेची जागा घेतली, तर बँक आणि निबंधक कार्यालय ती माहिती आयकर खात्याला स्वतःहून कळवतात. आयकर पोर्टलवर लॉगिन करून 'एआयएस' नावाचे विवरण उघडा. बचत खात्याच्या व्याजापर्यंत सगळे तिथे दिसेल. नजरेत तर आपण आहोतच. रिटर्न न भरल्याने फक्त आपली बाजू कोरी राहते.

रिटर्न हा पुरावाही आहे. घरकर्ज मागताना, मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या व्हिसाच्या वेळी, अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात उत्पन्न सिद्ध करताना तो कामाला येतो. आणि एक कटू गोष्ट बोलायला हवी. नवरा परदेशात अचानक गेला, किंवा संसार मोडला, तर जिच्याकडे स्वतःचे पॅन, स्वतःचे खाते आणि चार वर्षांची रिटर्न आहेत ती बाई, आणि जिच्याकडे फक्त नवऱ्याचा फोन नंबर आहे ती बाई, या दोघींचे पुढचे आयुष्य सारखे नसते. शिलाई, शिकवणी, घरगुती मसाले, ऑनलाइन विक्री, जे काही तुम्ही स्वतःच्या कष्टाने कमावता ते तुमचे स्वतंत्र उत्पन्न आहे, त्यावर क्लबिंग लागू नाही. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि कर शून्य असला तरी रिटर्न भरा.

या जुलैत करायची कामे

आता कामाची यादी, दोघांनी मिळून एका व्हिडिओ कॉलवर उरकण्याजोगी.

एक, दोघांचे भारतातले दिवस मोजा आणि कोण निवासी, कोण अनिवासी हे लिहून ठेवा.

दोन, नवऱ्याचे गावच्या बँकेतले जुने साधे बचत खाते अजून तसेच असेल तर ते एनआरओ करून घ्या. परदेशात नोकरीला गेल्यावर साधे खाते चालू ठेवणे परकीय चलन नियमांत बसत नाही. एनआरओच्या व्याजावर उपकर धरून ३१.२ टक्के कापले जातात. त्याचे उत्पन्न कमी असेल तर ते परत मिळवायला रिटर्नच लागते. 'कर कापू नका' असे सांगणारा फॉर्म (पूर्वीचा १५-जी) अनिवासीला भरता येत नाही.

तीन, आयकर पोर्टलवर त्याची स्थिती अनिवासी आहे का पाहा. अनिवासीला पॅन-आधार जोडणीतून सूट आहे, पण खात्याच्या नोंदीत तो निवासी दिसत असेल तर पॅन निष्क्रिय ठरू शकते, रिफंड अडकतो आणि टीडीएस जास्त कापला जातो.

चार, फॉर्म योग्य निवडा. अनिवासीला 'सहज' चालत नाही. त्याच्या नावावर हापूसची बाग असेल तर तिचे शेती उत्पन्न करमुक्त असले तरी रिटर्नमध्ये दाखवावे लागते.

पाच, मुदत पाळा. पगार, व्याज, भाडे एवढेच उत्पन्न असणाऱ्यांसाठी ती साधारण ३१ जुलै असते. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, पण शुल्कासह. ५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,०००, त्यावर ५,००० रुपये. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी केली नाही तर वेळेवर भरलेले रिटर्नही वेळेवरचे राहत नाही.

सहा, बायकोचा पासवर्ड बायकोकडे असू द्या. ओटीपी येणारा मोबाइल नंबर तिचा असू द्या. दीर, भाऊ किंवा माझ्यासारखा कॉम्प्युटरवाला नातेवाईक शेजारी बसून मदत करील, पण लॉगिन तिने करावे.

हे सगळे बायको परदेशात आणि नवरा इथे असला तरी तितकेच लागू आहे. आपल्या मुली आता नर्स, इंजिनियर, शिक्षिका म्हणून बाहेर जातात. कायदा 'जोडीदार' म्हणतो, नवरा की बायको हे विचारत नाही.

गावोगावच्या जमातींकडे एक मागणी करतो. कुवेत, दोहा, जेद्दा, दुबई इथे आपल्या गावांच्या जमाती आहेत. तिथून मशिदीच्या बांधकामाला, शाळेला, रुग्णवाहिकेला पैसा येतो. दरवर्षी जुलैच्या पहिल्या दोन रविवारी गावात एक सीए बसवण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा. सुशिक्षित मुली फॉर्म भरायला मदत करतील. येताना प्रत्येकीने पॅन, बँकेचे व्याजाचे दाखले, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आणि निकाहनाम्याची प्रत आणावी.

आणि ज्यांची लग्ने ठरायची आहेत त्यांनी बोलणीच्या बैठकीत पगाराच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी ठरवाव्यात : मेहर किती आणि ती केव्हा देणार, तिच्या नावावर जे ठेवणार ते कोणत्या खात्यात, आणि त्याचे रिटर्न कोण भरणार. हे विचारल्याने कुणाची इज्जत जात नाही. मामा-चाचांनी कुवेतला लावलेल्या त्या फोनपेक्षा तर नक्कीच कमी जाते.